नवी गाडी, पहिले हजार किलोमीटर आणि काळे हात

खंडेनवमीला सकाळी आमच्या विट्यातल्या कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा. दारोदार धुतलेल्या गाड्या, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. त्या दिवशी यंत्रमागालाही हार असतो. सुताराची करवत, गवंड्याची थापी, शेतातलं खुरपं, सगळ्यांवर हळदकुंकू. ज्या हत्याराने वर्षभर भाकरी दिली त्याला हात जोडायचा हा दिवस. फार चांगली रीत आहे. पण त्याच गाड्यांच्या चेनकडे जरा खाली वाकून बघा. कितीतरी चेन कोरड्या, गंजून तांबड्या झालेल्या दिसतील. टायर दाबून बघा, हवा कमी. म्हणजे वर्षातून एक दिवस पूजा आणि उरलेले दिवस दुर्लक्ष.

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, मी हे दुसऱ्याला नावं ठेवायला लिहीत नाही. मी स्वतः त्यातलाच होतो. गेल्या दसऱ्याला नवी मोटरसायकल घेतली. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. गाडीसोबत एक पुस्तिका मिळाली होती. ती सीटखालच्या कप्प्यात गेली आणि तिथेच राहिली. मुलांना वर्षानुवर्षं ‘वाचाल तर वाचाल’ सांगणारा मी, लाखाच्या घरातली वस्तू घेऊन तिची पुस्तिका न वाचता चालवत होतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. नव्या गाडीच्या पहिल्या काही महिन्यांतली साधी देखभाल आपण घरी, स्वतःच्या हाताने करावी, आणि ती करताना घरातल्या मुलामुलींना शेजारी बसवावं. चार पैसे वाचतील म्हणून नव्हे. पुस्तक वाचून हाताने काम करणं आणि चुकलं तर ते समजून घेणं हे आपण शाळेत फार कमी शिकवतो, आणि घरासमोरच्या अंगणात ते फुकट शिकवता येतं.

माझी चूक

गाडी सहाशे किलोमीटर झाली असेल. शाळेला जाऊन-येऊन रोजचे तीसेक किलोमीटर. चेन थोडी आपटल्यासारखी वाटायला लागली. नवी चेन सुरुवातीला ताणते, त्यामुळे ती ढिली होणारच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एका रविवारी पाने काढले आणि चांगली ताठ करून टाकली. सतारीच्या तारेसारखी. मनात म्हटलं, आता काही महिने बघायला नको.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात गाडी लावत होतो. आठवीतला एक मुलगा जवळ आला. वर्गात कधी तोंड न उघडणारा, मागच्या बाकावर बसणारा. म्हणाला, “सर, चेन लई टाईट झालीया. असं चालवू नका.”

मी म्हटलं, “तुला काय कळतंय रे त्यातलं?”

“आवाज येतोय की सर. गाडी बंद करा, न्यूट्रल करा. आता तुम्ही दोघं सर गाडीवर बसा, मी दावतो.”

शेजारच्या शिक्षकांना मागे बसवलं. पोराने खाली वाकून बोटाने चेन दाबली. ती तसूभर हलेना. मग म्हणाला, “ढिली चेन आपटती, तवा कळतंय. टाईट चेन आतनं खाती.”

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. गाडीवर वजन आलं की मागचा भाग दबतो, आणि बहुतेक गाड्यांत त्यामुळे पुढची चक्री आणि मागची चक्री यांच्यातलं अंतर थोडं वाढतं. त्यासाठी चेनमध्ये ठरावीक सैलपणा ठेवावा लागतो. तो ठेवला नाही तर ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो, चक्रीचे दाते झिजतात आणि चेन तुटायचीही भीती असते. चालत्या गाडीची चेन तुटून चाकात अडकली तर काय होईल, ते सांगायला नको.

मी विचारलं, “कुठं शिकलास हे?”

तो आधी गप्प बसला. मग हळूच म्हणाला, “मामाचं गॅरेज हाय. रविवारी बसतो तिथं. पर तुम्हीच म्हणला हुता की सर, अभ्यास केला न्हाई तर गॅरेजात पाने पुसत बसशील. म्हणून सांगितलं न्हाई कुणाला.”

हे वाक्य मी खरोखर वर्गात म्हणालो होतो. एकदा नव्हे, पुष्कळदा. तुमच्यापैकी किती जणांनी म्हटलं असेल, तुमचं तुम्ही आठवा.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये काय होतं?

त्या दिवशी संध्याकाळी पुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. माझी सातवीतली मुलगी शेजारी बसली होती. वाचता वाचता लक्षात आलं, की नवी गाडी म्हणजे तयार गाडी नव्हे. तिचे भाग अजून एकमेकांशी जुळायचे असतात.

इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत आपल्याला गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर अतिशय बारीक उंचवटे असतात. सुरुवातीला ते एकमेकांवर घासून बसतात. म्हणून या काळात गाडी फार ताणायची नाही, एकाच वेगाने तासन्‌तास पळवायची नाही, चढाला वरच्या गिअरमध्ये गुरगुरत न्यायची नाही. माझ्या पुस्तिकेत पहिले १००० किलोमीटर ताशी ५० च्या आत ठेवा असं लिहिलंय. तुमच्या पुस्तिकेत आकडा वेगळा असेल. या घासण्यातून निघालेला धातूचा बारीक कीस ऑइलमध्ये उतरतो, म्हणूनच पहिलं ऑइल लवकर बदलतात. घर्षणाचा धडा आपण वर्गात शिकवतोच. त्याचं याहून चांगलं उदाहरण कुठलं?

नवे टायरही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर थोडे निसरडे असतात. वळणावर गाडी एकदम झुकवू नये. नवे ब्रेक बसायलाही काही दिवस लागतात. नवी गाडी घेऊन पहिल्याच रविवारी तिघं बसून सुसाट जाणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

घरी काय करावं?

आमच्याकडे आता रविवारी सकाळी अर्धा तास ठरलेला आहे. कामं पाचच आहेत.

पहिलं, हवा. टायर थंड असताना, म्हणजे गाडी बाहेर काढण्याआधी मोजायची. हवा मोजायचं छोटं मीटर स्वस्तात मिळतं, ते घरी ठेवावं. माझ्या गाडीला पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ असा आकडा दिलाय. मागे जास्त का, डबलसीटला आणखी जास्त का, हा प्रश्न मुलांना विचारा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.

दुसरं, ऑइलची पातळी. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावायची, इंजिन काही मिनिटं चालवायचं, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग पट्टी काढून पुसून परत घालून बघायची. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये ऑइल हवं. वरच्या खुणेपेक्षा जास्तही नको.

तिसरं, चेन. साधारण ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर साफ करून तेल द्यायचं. चिंधीने घाण पुसायची आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल चाक हाताने फिरवत थेंब थेंब सोडायचं. पुस्तिकेत दुसरं काही सांगितलं असेल तर ते वापरावं. जास्तीचं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर आमच्याकडची मुरमाची धूळ त्यावर बसते आणि चेनला कानशीसारखी घासते. सैलपणा खालच्या बाजूला मधोमध पट्टी धरून मोजायचा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत तो अडीच-तीन सेंटिमीटरच्या आसपास असतो. नक्की आकडा पुस्तिकेतूनच घ्या, अंदाजाने नको.

इथे एक गोष्ट कान पकडून सांगतो. चेनचं कुठलंही काम इंजिन बंद करून, किल्ली काढून, न्यूट्रलमध्येच करायचं. गाडी स्टँडला लावून गिअरमध्ये फिरवत चेनवर चिंधी धरणारे लोक मी पाहिलेत. चिंधी आत ओढली गेली की बोटंही जातात. मुलं शेजारी असतील तर किल्ली आपल्या खिशात ठेवा.

चौथं, क्लच आणि ब्रेक. लिव्हर ओढल्यावर सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल असायला हवी. किती, ते पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. पट्टी घ्या, मोजा. क्लचची तारही नवी असताना ताणते. आणि चेन ओढताना मागचं चाक मागे सरकतं, त्यामुळे मागे ड्रमब्रेक असेल तर त्याची मोकळीक पुन्हा तपासावी लागते. एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडे काय बदलतं हे कळणं, हीच खरी शिकवण.

पाचवं, नट-बोल्ट आणि दिवे. आरसे, नंबरप्लेट, फूटरेस्ट हाताने हलवून बघायचं. पुढचा दिवा, मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर. ब्रेकचा दिवा लागतो का हे आपल्याला गाडीवर बसून दिसत नाही. मागे मुलीला उभं करायचं आणि विचारायचं. ऊसतोडणीच्या हंगामात संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेतून घरी येताना या एका दिव्यावर जीव असतो.

एअर फिल्टर वेळेवर तपासावा, आमच्यासारख्या धुळीच्या भागात जरा आधीच. पण बऱ्याच नव्या गाड्यांचा फिल्टर तेलकट कागदाचा असतो. तो धुवायचा किंवा हवा मारून साफ करायचा नसतो, सरळ बदलायचा असतो. हेही वाचल्याशिवाय कळत नाही.

एक ‘न’ सुटला तर

आपण आकलनाचे प्रश्न काढतो, उतारे देतो. मला गाडीची पुस्तिका हा उत्तम उतारा वाटायला लागलाय. माझ्या पुस्तिकेत ऑइलची पट्टी ‘पेच न फिरवता’ आत घालावी असं लिहिलंय. मी ते घाईत वाचलं आणि पट्टी फिरवून घट्ट बसवून बघितली. ऑइल पुरेसं दिसलं. मुलीने बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, “बाबा, ‘न’ आहे इथं.” तसं करून बघितल्यावर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं निघालं. पट्टी फिरवली की ती खोल जाते आणि आहे त्यापेक्षा जास्त ऑइल दाखवते. काही गाड्यांत उलट, फिरवूनच बघायचं असतं. एका अक्षराने इंजिनाचं भलंबुरं होतं, हे मुलांना यापेक्षा वेगळं कसं पटवणार?

दुसरं उदाहरण सर्व्हिसच्या तक्त्याचं. त्यात लिहिलेलं असतं, अमुक किलोमीटर किंवा अमुक दिवस, *यापैकी जे आधी येईल ते*. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी फार कमी चालते. ते किलोमीटर भरायची वाट बघत बसले आणि दिवसांची मुदत टळून गेली, पहिली फुकट सर्व्हिस हुकली. चांगले शिकलेले गृहस्थ आहेत. तक्ता वाचता येणं आणि ‘किंवा’ या शब्दाचा अर्थ कळणं हा गणिताचाच भाग आहे. पाचवी-सहावीतल्या मुलाला आपल्या गाडीची पुढची सर्व्हिस कधी येते ते काढायला सांगा. वहीतल्या दहा उदाहरणांपेक्षा हे एक त्याच्या जास्त लक्षात राहील.

कुठे थांबायचं?

एक पालक मला म्हणाले, “सर, वॉरंटी जाईल की!” शंका रास्त आहे. म्हणून हे स्पष्ट करतो. कंपनीने ठरवलेल्या सर्व्हिस कंपनीच्याच अधिकृत केंद्रात, मुदतीत करून घ्यायच्या आणि पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. पहिलं ऑइल तिथेच बदलू द्यावं. आपण करायचं ते दोन सर्व्हिसच्या मधलं काम, पुस्तिकेनेच मालकाला करायला सांगितलेलं. इंजिन उघडणं, डिस्कब्रेकचं ऑइल, एबीएस, इंधनाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांना हात लावायचा नाही. चेन तपासणं आणि तेल देणं घरी जमतं, पण ती ओढायची झाली तर पहिल्यांदा मेस्त्रीसमोर करून बघा. चाक दोन्ही बाजूंच्या खुणांप्रमाणे सरळ राहिलं पाहिजे आणि एक्सलचा नट पक्का बसला पाहिजे. माझ्यासारखं अर्ध्या माहितीवर करू नका.

पुढे फुकट सर्व्हिस संपल्यावर कुणाला ऑइल घरी बदलायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोटरसायकलचंच ऑइल घ्या. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, त्यामुळे कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो एमए असं लिहिलेलं बघून घ्या. आणि जुनं काळं ऑइल गटारात, ओढ्यात, झाडाच्या बुडात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. पाण्यासाठी टेंभू योजनेची वर्षानुवर्षं वाट बघितलेला आपला तालुका. इथे तरी कुणी पाणी नासवू नये.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. गाडीची देखभाल शिकवणं म्हणजे गाडी चालवायला देणं नव्हे. गिअरच्या मोटरसायकलला अठरा वर्षं पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वर गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, अशी तरतूद आहे. पण कायदा बाजूला ठेवा. ज्या मुलाने ब्रेकची मोकळीक पट्टीने मोजली आहे, त्याला गाडी हे खेळणं नाही हे जास्त लवकर कळतं, असा माझा अनुभव आहे.

हात काळे झाले तर बिघडलं कुठं?

आमच्या घरात पहिल्या रविवारी आई म्हणाली, “पोरीच्या जातीनं कशाला गं हात काळं करायचं?” मुलीने साबणाने हात धुतले आणि आजीला दाखवले. विषय संपला. उद्या ती नोकरीला, कॉलेजला गाडीवर जाईल. निर्जन रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपाशी कुणाची तरी वाट बघत उभं राहण्यापेक्षा तिला थोडं कळलेलं बरं.

खरं तर आपल्या भागाने हाताच्या कामाला कमी लेखावं हेच नवल आहे. विटा मागावर उभं राहिलं. माग नीट चालायचा तर त्याला वेळेवर तेल लागतं, आणि तो बिघडला की जॉबरशिवाय पान हलत नाही. इथली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली, भट्टीपुढे बसून सोनं-चांदी शुद्ध करायचं हाताचं कसब घेऊन. आणि पलूसच्या बाजूला किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईला तंत्रशिक्षणाच्या संस्थेत यंत्रांची रेखाटनं शिकवणारे शिक्षक होते. म्हणजे आपल्याच पेशातले. किर्लोस्कर बंधूंची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने झाली. पुढे ते लोखंडी नांगर करू लागले आणि १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलपासून सुरू झालेली वाट कारखान्यापर्यंत गेली. आज एखादं पोरगं सायकलची चेन बसवत असेल तर आपण त्याला काय म्हणतो?

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, हाताच्या कामातून शिक्षण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर काम करायचे असं लिहिलेलं आहे. कागदावर सगळं आहे. पण आपण शिक्षकच वर्गात गॅरेजचं नाव शिक्षेसारखं घेत असू, तर त्या दहा दिवसांत मुलगा कारागिराकडे कुठल्या नजरेने बघणार?

मी एवढंच केलं. पुढच्या आठवड्यात त्या मुलाला वर्गासमोर उभं केलं आणि चेनला सैलपणा का लागतो हे फळ्यावर समजावून सांगायला लावलं. तो अडखळला, बोलीतच बोलला, चित्र मात्र अचूक काढलं. मग मी वर्गाला सांगितलं, की गॅरेजबद्दलचं माझं ते वाक्य चुकीचं होतं. त्यानंतर तो एकदम हुशार झाला, पहिला आला, असं काही घडलेलं नाही. मराठीचं शुद्धलेखन अजून कच्चंच आहे. पण आता तो प्रश्न विचारतो. आणि माझ्या गाडीकडे दर सोमवारी एकदा वाकून बघतो, ते वेगळंच.

तेव्हा यंदा खंडेनवमीला हार जरूर घाला. फक्त त्याआधीच्या रविवारी मुलांना घेऊन गाडीपाशी बसा. सीटखालची पुस्तिका काढा, त्यांना मोठ्याने वाचायला लावा आणि चेनला तेल द्या. हात काळे होतील. साबण आहेच.